साठजणींनी पाहिलेली चिमूट

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय आप्पासाहेब. ज्यांना निरोप देण्यासाठी आपण जमलो आहोत ते सहादेवशेट येवले. त्यांच्या शेजारी मांडलेली खुर्ची रिकामी ठेवून खांबाआड बायकांत जाऊन बसलेल्या मनकर्णाबाई. पेठेतले व्यापारी बंधू, शाळेचे गुरुजन, आमच्या महिला मंडळाच्या भगिनी. आणि पेरूच्या पाट्या बाहेर ओट्यावर ठेवून 'वाईच टेकतो' म्हणत आत आलेली, आता उठायचं नाव न घेणारी समस्त राहातेकर मंडळी, आपणां सर्वांना माझा सविनय नमस्कार.

अध्यक्षमहाराजांनी ओळख करून देताना 'पेठेतल्या पहिल्या मॅट्रिक सूनबाई' असा माझा गौरव केला. मी मान खाली घातली ती विनयानं, असं आपल्याला वाटलं असेल. तसं नाही. मॅट्रिक होऊन मला सोळा वर्षं झाली. इतक्या वर्षांत त्या विद्येचा उपयोग काय झाला म्हणाल, तर गल्लीत कुणाची तार आली की वाचायची, औषधाच्या बाटलीवर 'हलवून घ्या' लिहिलंय की 'पोटात घेऊ नका' ते सांगायचं, आणि घरचा जमाखर्च पेन्सिलीऐवजी शाईनं लिहायचा. याखेरीज एकदाच, एका मोठ्या कामी ती विद्या मी खर्च केली. आज त्याबद्दलच बोलायचं आहे, म्हणून मान खाली गेली.

मंडळानं मला चार शब्द बोलायला सांगितलं. मी पाठकोऱ्या कागदांवर सहा पानं लिहिली. काल घरी वाचून दाखवली, तेव्हा इकडून अभिप्राय झाला, "पहिलं पान उत्तम आहे. बाकीची पाच बंबात घाला. शुभ प्रसंग आहे." आता एका बाजूला जाहिरात आणि दुसऱ्या बाजूला भाषण, असा दोन्हीकडून संपलेला कागदही आमच्या घरी बंबात जात नाही, त्याच्या पुड्या होतात, हे सगळ्या पेठेला ठाऊक आहे. तेव्हा सहाही पानं घेऊन आले आहे.

पहिलं पान आधी वाचते.

'सहादेवशेट येवले यांनी या पेठेत बावीस वर्षं किराणा मालाचं दुकान सचोटीनं चालवलं. दुकानात पाऊल टाकताच हिंग, गूळ आणि धण्याचा जो एकत्र वास येई, तो आमच्या मुलांना आजोळाइतका ओळखीचा आहे. कुणाच्या घरी बाळंतीण असली की डिंक-अळीव न मागता बाजूला काढून ठेवलेला असे. ज्याच्या घरी सुतक, त्याच्याकडे महिनाभर शेटनी उधारीच्या वसुलीचा निरोप धाडला नाही.'

छान आहे ना? इथं टाळ्या पडतील असं वाटलं होतं. पडल्या. आभारी आहे. पण या पानातला 'सचोटीनं' हा शब्द मी लिहिला, खोडला आणि पुन्हा लिहिला. खोटा होता म्हणून नाही खोडला. तो लिहिण्याचा मला अधिकार काय, असं मनात आलं म्हणून खोडला. पुढची पाच पानं त्या एका शब्दाची आहेत.

माझ्याआधी बोललेल्या वक्त्यांनी शेट गाव का सोडताहेत ते सांगितलं. एक म्हणाले, वय झालं. शेट बावन्न वर्षांचे आहेत. या सभेत त्यांच्याहून मोठे निदान तीसजण बसलेत, त्यांतल्या कुणी गाव सोडल्याचं ऐकलं नाही. दुसरे म्हणाले, येवल्याला भाऊ आहे, त्याच्या सोबतीसाठी. भाऊ बावीस वर्षं तिथंच आहे. मग खरं कारण काय? खरं कारण आत्ता आपल्यासमोर उभं राहून भाषण करत आहे.

लढाई सुरू झाली तेव्हा आपल्याला वाटलं, ती कुठेतरी लांब चालली आहे. लांब कसली? लढाई तिकडे होती आणि माघार आमच्या फडताळात होत होती. काडेपेटी घ्या. पेटी तीच, चित्र तेच, पण आत काड्या पूर्वी बावन्न असायच्या, त्या चव्वेचाळीस झाल्या, मग अडतीस. मी मोजत असे. हसू नका, छबूबाई, तुम्हीही मोजत होतात, फक्त तुम्ही सांगितलं नाहीत. अंगाच्या साबणाच्या वडीला एकाएकी दोन्ही बाजूंनी खोलगा पडला. आम्हाला वाटलं, नवीन नक्षी आहे! 'किती सुबक, हातात कशी बसते बघा,' असं मीच शेजारी सांगून आले. महिन्याची वडी एकविसाव्या दिवशी बोटांतून निसटून मोरीत गेली, तेव्हा कळलं की ज्याला आपण नक्षी म्हणत होतो तो न मिळालेला साबण होता.

आणि भाव? भाव तेच. ही युक्ती ज्याला सुचली तो बायकांना चांगला ओळखून असला पाहिजे. एक पैसा भाव वाढला की आम्ही गल्ली डोक्यावर घेतो. दोन तोळे माल कमी झाला तर म्हणतो, हल्ली घरात बरकत राहिली नाही. दोष कुणाला? सुनेच्या हाताला.

आता चहाकडे येते.

आमच्या घरी चहा सकाळी एकदाच होतो, पूजा आटोपल्यावर. पाच माणसांना तीन आण्यांची एक पुडी पंधरा दिवस पुरायची. त्रेचाळीस सालच्या माघात ती अकराव्या दिवशी संपली. मी पुडी हातात घेऊन पाहिली. तोच रंग, तेच चित्र, तीच उंची. फक्त दाबली की पोट आत जायचं, एकादशीच्या संध्याकाळी जातं तसं. चष्मा लावून तळ वाचला. मुंगीच्या पायाएवढ्या इंग्रजी अक्षरांत छापलं होतं, चार तोळे. जुन्या पुड्यांची वेष्टनं आमच्याकडे असतातच. त्यांवर होते पाच. म्हणजे कंपनीनं एक तोळा काढला होता, पण काढला हे छापलं होतं. चोर म्हणावा तर सांगून गेलेला चोर!

एवढ्यावर थांबले असते तर आज हा समारंभ झाला नसता. पण मॅट्रिकचं गणित माझं चांगलं होतं. म्हटलं, छापलेले चार तरी आहेत का बघू. रुपया म्हणजे तोळा, हे आपण सगळेच जाणतो. लक्ष्मीपूजनाचे चार रुपये एका पारड्यात टाकले, नवी पुडी फोडून चहा दुसऱ्यात. रुपयांचं पारडं खाली, चहाचं वर. एक रुपया काढून अधेली टाकली, तेव्हा काटा मधे आला. साडेतीन तोळे! पुढल्या पुडीचंही तेच. तिसरीचंही तेच.

कंपनी म्हणते चार, तराजू म्हणतो साडेतीन. मधला अर्धा तोळा गेला कुठं? पुडी कारखान्यातून निघते, आगगाडीनं चितळी स्टेशनावर उतरते, तिथून शेटच्या दुकानात आणि दुकानातून माझ्या घरी. आगगाडी चहा पीत नाही. मग राहिलं कोण?

घरी मी हे बोलले. इकडून एवढंच म्हणणं झालं, "सहादेव तसा माणूस नाही." मी म्हटलं, "माणूस कसा का असेना, आकडा तसा आहे." किती ठसक्यात म्हटलं म्हणून सांगू! ते वाक्य मला इतकं आवडलं, की ते सगळ्यांना ऐकवल्यावाचून चैन पडेना.

म्हणून चैत्रातलं हळदीकुंकू. हाच सभामंडप, हाच राम, आणि साठ बायका. मी आधीच ठरवून तराजू आणला होता. इथं एक बारीकशी गोष्ट सांगायची राहते. त्या दिवशी आंबेडाळीसाठी हरभऱ्याची डाळ लागली ती शेटनीच दिली होती, रामाच्या कामाला म्हणून, फुकट. ती पोचवून रिकामं पोतं खांद्यावर टाकून ते त्या तिथं, दाराशी उभे होते. मी त्यांना पाहिलं. पाहूनही थांबले नाही. उलट आवाज चढवला.

सीलबंद पुडी सगळ्यांच्या हातांतून फिरवली. "बघा, फोडलेली आहे का?" सगळ्या म्हणाल्या, "नाही." "तळाला काय छापलंय? मी वाचते, चार तोळे." सगळ्या म्हणाल्या, "बाई गं!" मग रामासमोर उभी राहून पुडी फोडली, नवीन वस्तूची पहिली चिमूट देवाची म्हणून ती काढून रामाच्या पायाशी ठेवली, साऱ्याजणींनी हात जोडले, आणि उरलेला चहा मी पारड्यात ओतला. समोर चार रुपये. पारडं वरच राहिलं. मंडपात असा काही उसासा उठला, की रामाची समई हलली.

आपल्यापैकी काहीजणी आत्ताच एकमेकींकडे बघू लागल्यात. म्हणजे त्यांच्या लक्षात आलं. माझ्या लक्षात यायला दोन वर्षं लागली.

त्या दिवशी मी विचारलं, "अशा दुकानातून माल घ्यायचा का?" साठ हात वर झाले, घ्यायचा नाही म्हणून. शेट दारातून काही न बोलता निघून गेले. मी म्हटलं, "बघा, तोंड उघडायलाही जागा नाही."

पाच महिने त्यांच्या दुकानाची पायरी कुणी चढलं नाही. कुणी कोपरगावहून चहा आणला, कुणी राहुरीच्या पाहुण्यांकडून. तिथंही पुडी तेवढीच होती, पण तिथं आम्ही ती मोजली नाही. पाचव्या महिन्यात पाय दुखायला लागले आणि एकेकजण मुकाट्यानं परत आली. 'शेट खरे होते' असं कुणी म्हटलं नाही. 'सगळे सारखेच, मग जवळचा बरा' असं म्हणत आलो. मीही तशीच आले.

पण मधल्या काळात एक घडलं होतं. आपल्या पेठेत कंट्रोलच्या धान्याचं दुकान द्यायचं होतं आणि शेटचं नाव सगळ्यांत वर होतं. चौकशीला साहेब आले. त्यांनी विचारलं, दुकानदाराबद्दल लोकांचं मत काय? कुणीतरी हळदीकुंकवाच्या ठरावाचं बोललं. साहेब म्हणाले, लेखी आहे का? आणि अध्यक्षमहाराज, इथं माझी मॅट्रिकची विद्या खर्ची पडली. मी तो ठराव रात्रीतून इंग्रजीत लिहून दिला. त्यात व्याकरणाची एकही चूक नव्हती. साहेबांनी कौतुक केलं. मी ते कौतुक आठ दिवस घरात ऐकवत होते.

कंट्रोलचं दुकान दुसऱ्याला मिळालं. धान्य जिथं, गिऱ्हाईक तिथं. धान्याबरोबर माणूस मीठ-मिरचीही तिथूनच घेणार. शेटचं दुकान त्यानंतर पूर्वीसारखं कधी भरलं नाही. वय झालं म्हणून नव्हे हो. गिऱ्हाईक गेलं म्हणून ते चालले आहेत.

आप्पासाहेब, घड्याळाकडे बघू नका. अजून मेतकूट राहिलं आहे.

चव्वेचाळीस साली आमच्या मंडळानं मुलींच्या वाचनालयासाठी मेतकुटाच्या पुड्या करून विकायचं ठरवलं. बारा तोळ्यांची पुडी, दोन आणे. 'राहाते महिला मंडळ, शुद्ध मेतकूट, वजन बारा तोळे' अशी लेबलं छापून आणली, एकदम हजार, कारण हजार घेतली की स्वस्त पडतात. विकायला ठेवणार कुठं? दोन दुकानदारांनी अडत मागितली. शेट म्हणाले, "मुलींच्या पुस्तकांचं काम आहे. ठेवा फळीवर. मला काही नको." मी पुड्या ठेवल्या. त्यांच्या नजरेला नजर दिली नाही, पण पुड्या ठेवल्या.

सहा महिन्यांत डाळी कडाडल्या. पुडीमागं तोटा यायला लागला. मंडळाची बैठक भरली. भाव वाढवू म्हटलं तर साऱ्याजणी ओरडल्या. तेव्हा चिटणीस या नात्यानं मी उभी राहिले आणि काय बोलले, ते मंडळाच्या वहीत माझ्याच अक्षरात आहे. वाचून दाखवते. 'भाव वाढवल्यास बोभाटा होतो. वजन दोन तोळे कमी केल्यास शांतता राहील. कागदाची घडी तळाशी सैल घालावी, म्हणजे पुडीची उंची कमी दिसणार नाही.' ठराव एकमतानं मंजूर.

कारखान्यातला माणूस परवडला म्हणायची पाळी! त्यानं निदान तळाला खरं छापलं. आमची सातशे लेबलं शिल्लक होती, बारा तोळ्यांची. ती टाकून द्यायची? माझ्या जिवावर आलं असतं. मी तीच चिकटवली. आत दहा, बाहेर बारा. आणि ही मी, साडेतीन तोळ्यांवरून एका माणसाला भर मंडपात चोर ठरवणारी! माझ्या मनात तेव्हा काय आलं असेल, असं विचाराल तर सांगते. काहीच आलं नाही. खळ घोटत होते आणि रामरक्षा म्हणत होते.

चार महिने कुणाची तक्रार नाही. मला वाटलं, घडी छान जमली. मग एका सकाळी आमच्या दारात बनुबाई आल्या. त्या मागं बसल्या आहेत, पेरूच्या बागेच्या. पदराआडून त्यांनी अर्धी संपलेली पुडी काढली.

"ताई, येक इचारू का? रागवायचं न्हाई."

"विचारा की."

"तुमच्या पुडीत दोन चवी कशापायी हायेत?"

"दोन चवी?"

"व्हय. वरलं बोटभर लई खमंग हाय, त्यात सुंठ हाय, हिंग हाय. खालचं हाय ते..." आणि त्या थांबल्या.

"बोला, बोला."

"खालचं आपलं मंडळाचं हाय."

मी म्हटलं, "बनुबाई, तुमच्या जिभेला काहीतरी झालंय." त्या म्हणाल्या, "म्या पुडी उलटी करून बी चाखली. मंग सुंठ खाली आली. जिभेला काय झालं असतं तर सुंठ वरच ऱ्हायली असती न्हवं?"

असा बिनतोड पुरावा मला मॅट्रिकच्या भूमितीतही भेटला नव्हता. मी चप्पल घातली आणि शेटच्या दुकानी गेले. दुकानात कुणी नाही. आतल्या खोलीत मनकर्णाबाई बसलेल्या. एका हाताशी आमच्या पुड्यांची टोपली, दुसऱ्या हाताशी त्यांच्या घरच्या मेतकुटाचा डबा. पुडीचं तोंड उघडायचं, चमच्यानं दोन तोळे आत सारायचे, तोंड पुन्हा चिकटवायचं.

"हे काय चाललंय, मनकर्णाबाई?"

"दिसत नाही? तुमचे दोन तोळे भरतेय."

"कुणी सांगितलं भरायला?"

"तुमच्याच लेबलानं. बारा लिहिलंय नाही का? ह्यांनी पहिल्या दिवशीच तागडीत टाकून पाहिली. म्हणाले, देवळातल्या बायकांचं नाव आहे, मुलींच्या पुस्तकांचं काम आहे, आपल्या फळीवरून दहाची पुडी बारा म्हणून जायची नाही."

"मग मला सांगायचं होतंत!"

"सांगून?" त्या म्हणाल्या. "तुम्ही इंग्रजीत काय लिहून द्याल, त्याचा नेम काय?"

मनकर्णाबाई, आता खांबाआड लपून काय उपयोग? हे तुम्ही म्हणालात. आणि बरं केलंत.

एवढ्यात शेट आले. चूक सापडलेल्या माणसाला राग फार लवकर येतो. मला आला. मी म्हटलं, "शेट, इतके जर तुम्ही हरिश्चंद्राचे अवतार, तर त्या चहाच्या पुडीतला अर्धा तोळा कुठं गेला होता, तेही सांगून टाका."

शेट म्हणाले, "जाऊ द्या, वहिनी. झालं ते झालं." आणि आत वळले.

मनकर्णाबाई म्हणाल्या, "मी सांगते. रामाच्या पायाशी."

मला काही उमगेना. त्यांनी चमचा खाली ठेवला, पुडीवर चार बोटं एकत्र धरली आणि चिमूट काढून देवापुढं ठेवण्याची खूण केली. माझी चिमूट. आणि माझी चिमूट लहान नसते, मंडळी. घरात मी काटकसर करते, पण देवाच्या बाबतीत चारही बोटं वापरते.

घरी आले. नवी पुडी फोडली. हात आपोआप चिमूट काढून देवाच्या वाटीकडे निघाला. वीस वर्षांची सवय. हाताला कुणी सांगावं लागत नाही आणि मनाला पत्ता लागत नाही. तो हात वाटेत धरला, चिमूट पारड्यात टाकली. चहाचं पारडं खाली आलं आणि काटा मधे थांबला. चार तोळे. रतीभर कमी नाही, रतीभर जास्त नाही.

आणि त्या दिवशी साठजणी इथं उभ्या होत्या! साठजणींच्या डोळ्यांदेखत अर्धा तोळा पुडीतून निघून रामाकडे गेला. त्याला सगळ्यांनी हात जोडून नमस्कार केला. आणि पुढल्याच क्षणी 'अर्धा तोळा गेला कुठं' म्हणून सगळ्यांनी उसासे टाकले. एकीलाही खटकलं नाही, कारण साठजणींच्या घरी तसंच चालतं. दुसऱ्या कुठल्या मुलखात ही चूक झाली नसती.

एका माणसानं मात्र ती पाहिली. पोतं खांद्यावर टाकून तो दारात उभा होता. मी त्या संध्याकाळी पुन्हा दुकानी गेले आणि विचारलं, "शेट, तुम्ही पाहिलंत, तर बोलला का नाहीत?"

ते म्हणाले, "वहिनी, साठ बायका हात जोडून उभ्या. समोर राम. मी काय बोलू? माल देवानं नेला, असं बोलू?"

मग मी म्हटलं, "माझ्या हातून तुमच्यावर फार मोठा अन्याय झाला." ते म्हणाले, "असं काही झालंच नाही, वहिनी." आणि मी ते वाक्य पदरात बांधून सुटल्यासारखी घरी आले. झालंच नाही, तर मग चारचौघांत सांगायचं काय? आरोप केला तो साठजणींसमोर, गावभर, इंग्रजीत. माफी मागितली ती दुकानाच्या आतल्या खोलीत, मराठीत, हळू आवाजात. आरोपाचं वजन किती आणि माफीचं किती, हे तोलून पाहायला मात्र मी तराजू काढला नाही.

मेतकुटाची लेबलं मी बदलली. दहा तोळे छापलं, विक्री थोडी कमी झाली, वाचनालय चालू आहे. ते सोपं होतं. पण ते साहेब केव्हाच बदलून गेले, आणि माझा तो बिनचूक कागद कुठल्या कचेरीत आहे, कोण जाणे. आजही नव्या सुनेला सासू सांगते, "येवल्यांच्या दुकानातून पुडी आणशील तर तोलून घे हो." का, ते सासूलाही आता आठवत नाही. माझी गोष्ट माझ्यावाचून चालू राहिली आहे. शेट उद्या सकाळच्या मोटारीनं जातील आणि ती मागं राहील.

म्हणून, अध्यक्षमहाराज, माझी विनंती आहे की आजच्या सभेच्या इतिवृत्तात हे लिहून घ्यावं: सहादेवशेट येवले यांच्या दुकानातल्या पुडीत कधीही गुंजभर कमी नव्हतं. कमी केलं ते कारखान्यांनी छापून, आणि मी न छापता. आरोप खोटा होता, तो मी केला, आणि खरं कळल्यावर दोन वर्षं मी गप्प बसले, ते मॅट्रिक बाईचं चुकलं असं कुणी म्हणू नये म्हणून. हे मराठीतच लिहा. सगळ्यांना वाचता आलं पाहिजे.

ज्या भगिनींनी त्या दिवशी हात वर केले, त्यांचा यात काही दोष नाही. त्यांनी माझ्या शिक्षणावर विश्वास ठेवला. एवढी विनंती मात्र आहे, की आज घरी गेल्यावर सुनेला खरी गोष्ट सांगा. आणि दुकान घेणारे गोरक्षभाऊ समोर बसलेत, त्यांनाही सांगते: पुड्या पुढंही लहान होत जातील, बायका तुमच्यावर डोळे वटारतील. पुडीचा तळ उलटा करून त्यांच्यापुढं धरत जा. आम्ही भांडायला फार लवकर उठतो आणि वाचायला फार उशिरा.

मंडळानं मला बोलायची संधी दिली, अध्यक्षांनी घड्याळ पाहूनही घंटा वाजवली नाही, आणि बाहेर पेरू उन्हात असताना आपण सगळे बसून राहिलात, याबद्दल मनापासून आभार मानते. बोलण्याच्या भरात कुणाला लागेल असं काही निघालं असेल, तर ते माझ्या अज्ञानाच्या खाती टाकून आपण मोकळ्या मनानं घरी जावं, अशी प्रार्थना आहे.

पण ही प्रार्थना आपल्यासाठी झाली. शेटसाठी नाही.

शेट, माझ्यानंतर उत्तराला तुम्ही उभे राहाल. काय म्हणणार ते मला माहीत आहे. हात जोडाल आणि म्हणाल, असं काही झालंच नाही. तुमच्या पाया पडते, या वेळी ते म्हणू नका. झालं होतं, म्हणा. पाच महिने दुकान ओस पडलं होतं, म्हणा. तुमच्या बायकोला पाणवठ्यावर कुणी जागा दिली नव्हती, म्हणा. ह्या मंडपात, ह्या माणसांसमोर, मोठ्यानं. त्यानंतर मला क्षमा करायची की नाही, हे सर्वस्वी तुमच्याकडे. नाही केलीत तरी मी तोंड वाकडं करणार नाही.

रिवाज असा आहे की वक्त्यानं बोलणं संपवून खाली बसावं. तुम्ही बोलेपर्यंत मी इथंच उभी राहते.